पियानोवरचे उदास इंडी गाणे कसे ऐकावे: पेटीच्या सुरात वाढलेल्यांसाठी

आमच्या देवगड तालुक्यात ज्याचे लहानपण गेले, त्याला सूर म्हटले की पेटीचाच सूर आठवतो. गणपतीतल्या आरत्या, एकादशीचे भजन, रात्रभर चालणारी डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) आणि देवळासमोरच्या दशावतारातली पायपेटी हे सगळे ऐकत वाढलेल्या माणसापुढे एखाद्या दिवशी, बहुधा मुंबईहून सुटीला आलेल्या भावंडाच्या मोबाइलवरून, एक संथ इंग्रजी गाणे येते. सुरुवातीला एकटा पियानो असतो, मग जवळजवळ पुटपुटल्यासारखा एक आवाज येतो आणि पुढे कुठेतरी ड्रम्स आणि गिटार यांचा लोंढा उसळतो. काहींना ते पहिल्याच वेळी लागते, पण का लागले हे सांगता येत नाही. काहींना ते नुसते रडगाणे वाटते आणि ते पुढच्या गाण्याकडे वळतात. हा लेख दोघांसाठीही लिहिला आहे.

माझे म्हणणे असे आहे की या गाण्यांची ओढ मुख्यतः पियानोच्या एका साध्या गुणात आहे: त्यावर वाजवलेला स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. पेटीचा भाता हलतो आहे तोवर तिचा स्वर तसाच भरलेला राहतो, आणि त्याची सवय झालेल्या कानाला स्वराचे हे विरणे चटकन ऐकू येत नाही. एकदा ते ऐकू आले की लय, कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वर), गायकाचा आवाज आणि शब्द हे सगळे आपापल्या जागी बसू लागते. म्हणूनच पुढच्या पायऱ्यांत मी विरणारा स्वर आधी ठेवला आहे आणि शब्द बरेच नंतर.

नावांचा उलगडा थोडक्यात करतो. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लघुरूप आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर राहून, लहान कंपन्यांतर्फे किंवा स्वतःच्या पैशांनी गाणी काढणाऱ्या बँडसाठी तो शब्द वापरात आला आणि पुढे त्या गाण्यांच्या शैलीलाही तेच नाव चिकटले, त्यामुळे मोठ्या कंपनीकडे असलेल्या बँडच्या गाण्यालाही आज कोणी इंडी म्हणाले तर गोंधळू नये. ‘बॅलड’ म्हणजे मुळात गोष्ट सांगणारे गीत, आणि आपल्या पोवाड्यांनाही इंग्रजीत बॅलडच म्हटले गेले. मात्र रॉक संगीतात बॅलड म्हणजे संथ, भावनाप्रधान गाणे, एवढाच अर्थ धरावा.

पहिली पायरी: वेळ, जागा आणि साधने

ज्या गाण्याचा पूर्वार्ध कुजबुजीइतका हळू असतो, ते गाणे कौलांवर पाऊस कोसळत असताना मोबाइलच्या स्पीकरवर लावले तर त्यातले काहीच हाती लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा आपल्याकडे शांतता नावाची गोष्ट नसते. त्या दिवसांत कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत. पत्र्याची पडवी असेल तर माजघरात बसावे. माझ्या अनुभवात सगळ्यांत चांगले दिवस दिवाळीनंतरचे आहेत, कारण तेव्हा रात्री वारा पडलेला असतो आणि गाज दूर गेलेली असते.

गाणे आधीच डाउनलोड करून ठेवावे, कारण डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाड्यांत रेंज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि मध्येच थांबलेले संथ गाणे पुन्हा जोडता येत नाही. मोबाइलमध्ये बेस वाढवणारी सेटिंग असेल तर ती बंद करावी. आवाजाची पातळी गाण्याच्या शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या भागावरून ठरवावी आणि नंतर सुरुवातीचा हळू भाग ऐकताना ती वाढवू नये. तो भाग हळू ऐकू येणे हेच अभिप्रेत असते. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: एक गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. अशा गाण्यात शेवटचा स्वर संपल्यानंतरची आठ-दहा सेकंदे गाण्याचाच भाग असतात आणि त्या सेकंदांत दुसरे कोणी गाऊ लागले तर ऐकलेले सगळे पुसले जाते.

दुसरी पायरी: एकच स्वर, संपेपर्यंत

गाण्याकडे जाण्याआधी पियानोचा एकच स्वर ऐकावा. घरी पियानो नसला तरी मोबाइलवर पियानोचे अ‍ॅप मिळते आणि या सरावासाठी तेवढे पुरते. मधली एक पट्टी दाबून धरावी, डोळे मिटावेत आणि स्वर पूर्ण नाहीसा होईपर्यंत दुसरे काही करू नये. नंतर पेटीवर तोच स्वर तेवढाच वेळ धरून पाहावा.

मला हा फरक पहिल्यांदा कळला तो रत्नागिरीत, एका ओळखीच्या कुटुंबाकडे असलेल्या जुन्या उभ्या पियानोमुळे. घरातल्या आजींनी त्याचे वरचे झाकण उघडून मला आत पाहायला सांगितले आणि एक पट्टी हळूच दाबली. नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी पुढे आली, एकाच स्वरासाठी शेजारी शेजारी ताणलेल्या तीन तारांवर टेकून लगेच मागे गेली, आणि तारांवर बसलेला छोटा दाबक उचललेलाच राहिला. आजींचे बोट पट्टीवर होते, तरी आता त्या स्वराचे त्या काहीच करू शकत नव्हत्या. हातोडी परत गेलेली होती. स्वर आधी झपाट्याने खाली आला, मग एका पातळीवर रेंगाळला आणि बऱ्याच वेळाने इतका बारीक झाला की तो तारेत उरला आहे की माझ्या कानात, हे सांगता येईना. हे दोन टप्प्यांत विरणे पियानोचा स्वभावच आहे. एका स्वराच्या दोन-तीन तारा एकमेकींशी अगदी तंतोतंत जुळलेल्या नसतात, त्या ज्या लाकडी पुलावर टेकलेल्या असतात त्यावरून एकमेकींच्या कंपनात ढवळाढवळ करतात आणि त्यामुळे पहिला जोर ओसरल्यावर एक लांब, क्षीण शेपूट मागे राहते.

त्या पियानोचे ऐन पावसाळ्यात काय होते हेही आजींनी सांगितले. दमट हवेने आतला लाकडी ध्वनिफलक फुगतो, तारा अधिक ताणल्या जातात आणि स्वर चढतात. उन्हाळ्यात ते पुन्हा उतरतात. खाऱ्या हवेने तारा गंजतात ते वेगळेच. कोकणच्या किनाऱ्यावर पियानो विरळा का, याचे एक कारण इथे सापडते.

शेजारचे भजनी बुवा एकदा माझ्याकडे आले असता मी त्यांना अ‍ॅपवरचा तो एकच स्वर ऐकवला. चाळीस वर्षे पेटी वाजवणारे ते गृहस्थ शेवटपर्यंत कान लावून बसले आणि म्हणाले, “पेटीत असां होणा नाय, थंय भातो मारूचो लागता.” माझ्या मते या विषयाचे मर्म त्या वाक्यात आले. पेटीवादक स्वराला जिवंत ठेवतो, तर पियानोवादक स्वर सोडून देतो आणि तो जाताना ऐकतो. संथ गाण्यात दोन कॉर्डच्या मध्ये जेवढी जागा जास्त, तेवढे हे जाणे अधिक ऐकू येते. वेगवान गाण्यात पुढचा स्वर इतक्या लवकर येऊन आधीच्याला झाकतो की ते विरणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पियानोला दोन किंवा तीन पेडल असतात, त्यांपैकी उजवे सर्वांत महत्त्वाचे. ते दाबले की सगळे दाबक एकदम उचलले जातात आणि आधीचे स्वर विरत असतानाच नवे स्वर त्यांच्यात मिसळतात. बऱ्याच उभ्या पियानोंत मधले पेडल हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी आणते. शेजाऱ्यांना त्रास न देता सराव करता यावा म्हणून केलेली ही सोय, पण अलीकडच्या अनेक इंडी ध्वनिमुद्रणांत तो दबका, कापसात गुंडाळल्यासारखा आवाज मुद्दाम वापरतात आणि मायक्रोफोन इतका जवळ ठेवतात की पट्ट्यांचा खुळखुळाट आणि वादकाच्या बाकाची कुरकुरही ऐकू येते. ती ध्वनिमुद्रणातली चूक समजू नये. ऐकणाऱ्याला त्याच खोलीत नेऊन बसवण्यासाठी ते ठेवलेले असते.

तिसरी पायरी: लय मोजणे

ही पायरी छोटी आहे. सुरुवातीसाठी मी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे २००२ सालचे ‘द सायंटिस्ट’ हे गाणे सुचवतो, कारण ते सहज मिळते आणि त्याची रचना अगदी उघडी आहे. घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजावे आणि चाराने गुणावे. मिनिटाला साधारण चौऱ्याहत्तर ठोके येतील, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपास. विलंबित ख्यालाच्या मानाने ही लय मुळीच संथ नाही. तरी ती संथ वाटते, कारण दोन ठोक्यांमधली जागा भरायला तबला नाही, पखवाज नाही. तिथे फक्त विरणारा पियानो आहे.

चौथी पायरी: पेटीवर चार कॉर्ड

इथे मी अधिक वेळ घेणार आहे, कारण पेटी येणाऱ्या माणसाला या गाण्यांच्या आत शिरण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे आणि बहुतेक मार्गदर्शक गिटार गृहीत धरून लिहिलेले असल्याने तो कोणी दाखवत नाही.

कॉर्ड म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजवणे. आधी पांढरी एक हा षड्ज धरून सा, ग आणि प या तिन्ही पट्ट्या एकदम दाबाव्यात. मग फक्त मधला ग बदलून कोमल ग घ्यावा. एका बोटाच्या या हालचालीने खोलीतला उजेड बदलल्यासारखे होते. पहिल्या प्रकाराला मेजर आणि दुसऱ्याला मायनर म्हणतात. मेजर आनंदी आणि मायनर दुःखी, असे सरसकट सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. या गाण्यांत उदासी बहुतेक वेळा मायनर कॉर्डमध्ये बसून राहत नाही. ती एका कॉर्डमधून दुसरीकडे जाताना, काय हलले आणि काय जागच्या जागी राहिले यातून तयार होते.

‘द सायंटिस्ट’च्या सुरुवातीचे चार कॉर्ड घ्यावेत. यासाठी षड्ज पांढरी चारवर धरावा. पहिला कॉर्ड आहे मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, सा, ग, प. दुसऱ्यात म, ध आणि सा हे स्वर येतात. बोटे जवळ राहावीत म्हणून ते मंद्र ध, सा, म अशा क्रमाने घ्यावेत. तिसरा म्हणजे सा, ग, प. चौथ्यासाठी तिसऱ्यातला ग सोडून त्याच्या जागी रे घ्यावा, म्हणजे सा, रे, प. प्रत्येक कॉर्ड संथपणे चार मोजेपर्यंत धरावा आणि चारही संपले की पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे. पेटीवर डावा हात भात्याला लागलेला असतो, त्यामुळे पियानोवादक डाव्या हाताने खर्जात जो आधारस्वर देतो तो आपल्याला देता येत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला तो मोबाइलच्या अ‍ॅपवर वाजवायला सांगावे: पहिल्या कॉर्डला ध, दुसऱ्याला म, तिसऱ्या-चौथ्याला सा.

पाच-सहा आवर्तने झाली की एक गोष्ट बोटांना कळेल. चारही कॉर्डमध्ये सा आहे. तो स्वर कधीच सुटत नाही. तंबोऱ्याच्या षड्जाची सवय असलेल्या आपल्या कानाला हे ओळखीचे वाटायला हवे. शिवाय पहिल्या कॉर्डमध्ये तिसरा पूर्णपणे दडलेला आहे: मंद्र ध काढून टाकला की सा, ग, प उरतेच. म्हणजे खर्जातला ध सगळ्याला मायनरची छाया देतो, तो हटला की तीच बोटे मेजरमध्ये असतात, आणि तिथे स्थिरावण्याआधीच ग खाली घसरून रे होतो. गंधार गेल्यावर उरलेला कॉर्ड मेजरही नसतो आणि मायनरही नसतो, आणि त्याच अधांतरी अवस्थेतून आवर्तन पुन्हा सुरू होते. घरी परतून दाराशीच उभे राहावे, तसे काहीसे या आवर्तनाचे होते, आणि मला वाटते ऐकणाऱ्याला जे लागते त्याचा मोठा भाग इथे आहे.

दुसरा सराव त्याहून छोटा, पण माझ्या विशेष आवडीचा आहे. षड्ज पुन्हा पांढरी एकवर घ्यावा. म, ध आणि तार सा वाजवावेत. मग फक्त ध कोमल करावा. नंतर ग, प आणि तार सा यांवर यावे. मधले बोट ध, कोमल ध, प असे पायरी पायरीने खाली उतरते, म उतरून ग होतो आणि वरचा सा हलतच नाही. या उतरणीत कोमल ध जेवढा वेळ वाजतो, तेवढा वेळ मन कशाची तरी वाट पाहत असते. पाश्चात्त्य गीतकारांनी ही युक्ती इतक्या दशकांपासून वापरली आहे की एकदा बोटांत बसल्यावर ती अनेक गाण्यांत ओळखू येईल. गाणे ऐकताना ती आली की पेटी नसली तरी मधले बोट आपोआप हलते, इथपर्यंत सराव करावा.

कीबोर्ड घ्यायचा असेल त्यांच्यासाठी एक सूचना. मी पहिला कीबोर्ड जुना, स्वस्तात घेतला आणि दुकानदाराने विचारलेल्या प्रश्नांपेक्षा किमतीकडे अधिक लक्ष दिले. घरी आणल्यावर कळले की पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाज एकाच पातळीचा येतो. पियानोचे नावच ‘हळू आणि जोरात’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आले आहे. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य तयार केले, ते बोटाच्या जोरावर आवाज कमी-जास्त व्हावा यासाठीच. तेव्हा ‘टच सेन्सिटिव्ह’ पट्ट्या आणि पेडल जोडण्याची सोय, या दोन गोष्टी तपासल्याशिवाय कीबोर्ड घेऊ नये, आणि आणल्यावर तो वापरात नसताना झाकून ठेवावा, कारण आपली हवा धातूच्या कुठल्याही खटक्याला सोडत नाही.

पाचवी पायरी: आवाज कुठे घसरतो

आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी ठेवली होती, हे अनेकांना ठाऊक असेल. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, काढता येत नाही आणि तिचे स्वर ठरलेल्या जागी अडकलेले असतात, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. पियानोही त्याच बाबतीत पेटीचा भाऊ आहे. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवरचे स्वर खांबांसारखे उभे असतात. म्हणूनच या गाण्यांत गायकाच्या आवाजाकडे, विशेषतः तो स्वराच्या किंचित खालून कसा येतो आणि शब्दाच्या शेवटी कसा ढळतो याकडे लक्ष द्यावे. खांब स्थिर आहेत म्हणून ते ढळणे कळते.

आपल्याकडे खुल्या, खणखणीत आवाजाला मान आहे, आणि डबलबारीत तर आवाज लागला नाही तर बारी हातची जाते. त्यामुळे हा गायक दमलेला आहे किंवा त्याला गाता येत नाही, असे पहिल्यांदा वाटू शकते. मायक्रोफोन ओठांपाशी असल्यामुळे त्याला दूरवर पोचायचे नसते. तो एकाच माणसाशी बोलतो आहे. कुठल्या शब्दानंतर त्याने श्वास घेतला आणि कुठल्या ठिकाणी जाड आवाज सोडून तो बारीक, पोकळ आवाजात गेला, एवढे दोन मुद्दे एका ऐकण्यात टिपले तरी पुरे. ‘द सायंटिस्ट’च्या शेवटी शब्द संपतात आणि नुसता तो बारीक आवाज कॉर्डवर तरंगत राहतो, ते ठिकाण चुकवू नये.

सहावी पायरी: लोंढा येईपर्यंत

भावगीतात मुखडा सुरुवातीलाच येतो आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर आपण त्याच्याकडे परततो. या गाण्यांत बहुधा अंतऱ्यासारखा भाग आधी येतो आणि ज्याला ध्रुवपद म्हणता येईल तो भाग राखून ठेवलेला असतो. वाद्येही तशीच एकेक करून येतात. कागदावर एक आडवी रेघ काढून तिच्यावर मिनिटे लिहावीत आणि बास गिटार कधी आले, ड्रम्स कधी आले, व्हायोलिन किंवा दुसरे काही मागून भरू लागले का, हे त्या त्या जागी खूण करून लिहावे. ड्रम्स ज्या क्षणी येतात त्या क्षणी पियानोचे काय होते, हे सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळदा पियानो तेच वाजवत राहतो, पण आता त्याच्या मधल्या जागा भरल्या गेल्यामुळे विरणे ऐकू येत नाही, आणि गाणे संपताना बाकीची वाद्ये बाजूला झाली की ते पुन्हा उघडे पडते.

याच्या तुलनेसाठी कीन या इंग्लिश बँडचे २००४ सालचे ‘समव्हेअर ओन्ली वी नो’ ऐकावे. त्या काळी या बँडमध्ये गिटारच नव्हती, त्यामुळे जो लोंढा इतरांकडे गिटार आणते तो इथे पियानोलाच आणावा लागतो. तो कॉर्ड ठोक्यावर ठोक्याने, न थांबता वाजवतो, म्हणजे विरायला जागाच देत नाही. गाणे उदास असूनही त्यात एक धडपड ऐकू येते ती यामुळे. मला स्वतःला यापेक्षा मोकळ्या जागा असलेली गाणी अधिक जवळची वाटतात, पण फरक कानात बसण्यासाठी हे गाणे फार उपयोगी आहे.

सातवी पायरी: शब्द

आता शब्द वाचावेत. इंग्रजी उच्चार समजत नाहीत म्हणून अनेकजण सुरुवातीलाच शब्द शोधतात आणि मग डोळे पडद्यावर राहून कान मागे पडतात. आधी चार-पाच वेळा न वाचता ऐकावे, मग एकदा पूर्ण वाचावे आणि गाणे कशाबद्दल आहे ते दोन-तीन वाक्यांत आपल्या मराठीत लिहून ठेवावे. मालवणीत लिहिले तर आणखी चांगले, कारण ज्या बोलीत आपण रुसतो आणि समजूत काढतो त्या बोलीत ते वाक्य खोटे उतरले तर लगेच कळते. या प्रकारातले शब्द सहसा संपूर्ण गोष्ट सांगत नाहीत. एखादे दार, रस्ता, फोन, एखादे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे, एवढ्यावर ते थांबतात. उरलेली गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातून भरायची असते.

इथे एक काळजीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. दशावतारात तारामतीचा विलाप सुरू झाला की समोर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसतात आणि पुढच्या जत्रेत तेच आख्यान पुन्हा मागतात. शोक हा ज्याचा स्थायीभाव आहे त्या करुण रसाचा आस्वाद घेता येतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रंगमंचावरचे दुःख आणि आपले दुःख यांच्यात एक अंतर असते, त्यामुळे ते डोळ्यांत पाणी आणते पण आपल्याला मोडत नाही. मात्र घरात नुकतेच कोणी गेले असेल किंवा मन आधीच खोल गेले असेल, तर ते अंतर उरत नाही. अशा वेळी हेडफोन लावून एकट्याने तेच गाणे रात्री वीस वेळा ऐकणे टाळावे. कोणाला तरी सोबत बसवून, स्पीकरवर, दिवसा ऐकावे, आणि तरीही ते जड वाटले तर काही महिने बाजूला ठेवावे.

आठवी पायरी: तीनावर चार

ज्यांना तालाची गोडी आहे त्यांनी ही पायरी मुळीच सोडू नये. द नॅशनल या अमेरिकी बँडच्या २००७ सालच्या ‘बॉक्सर’ या अल्बमचे पहिले गाणे ‘फेक एम्पायर’ पियानोने सुरू होते, आणि तो पियानो एकाच वेळात तीनचा आणि चारचा असे दोन पदर घेऊन चालतो. नुसते ऐकल्यावर गाणे कुठेतरी लंगडते आहे असे वाटते आणि मांडीवर ताल धरायला गेले की हात चुकतो.

एकतालाच्या बारा मात्रा तोंडाने मोजाव्यात. उजव्या हाताने पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर मांडीवर थाप द्यावी. हा झाला चारचा पदर. तो बसला की थांबावे आणि डाव्या हाताने पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मात्रेवर थाप द्यावी. हा तीनचा पदर. मग दोन्ही हात एकत्र करावेत. दोन्ही हात फक्त पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, एकत्र पडतील आणि बाकी सगळीकडे एकमेकांना चुकवत राहतील. पहिल्या दिवशी जमले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. मला चार दिवस लागले. बुवांना मात्र ते तिसऱ्या आवर्तनात जमले, कारण पखवाजाच्या साथीत त्यांनी तिगुण आणि चौगुण, म्हणजे तिप्पट आणि चौपट लय, आयुष्यभर ऐकली आहे.

हाताला जमल्यावर गाणे पुन्हा लावावे. दोन पदर एकमेकांना चुकवत, फक्त समेपुरते भेटत पुढे जातात आणि त्यांच्यावर गायक अगदी खालच्या पट्टीत, जणू झोपेत, गात राहतो. ड्रम्स बऱ्याच वेळाने येतात आणि शेवटी तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये एकमेकांत गुंफत येतात. इथे उदासी स्वरांच्या उतरणीत नाही, त्या दोन पदरांच्या चुकामुकीत आहे, आणि म्हणून हे गाणे चौथ्या पायरीवरच्या गाण्यापेक्षा वेगळे लागते.

यापुढचे एकच गाणे सुचवून थांबतो. रेडिओहेड या बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच इंटरनेटवर ठेवला आणि त्याची किंमत ऐकणाऱ्यानेच ठरवावी असे सांगितले. ‘इंडी’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना पाहायचा आहे त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. त्या अल्बममधले शेवटचे गाणे ‘व्हिडिओटेप’ आहे. त्यात पियानोचे थोडेसे कॉर्ड जवळजवळ न बदलता फिरत राहतात आणि सम नेमकी कुठे आहे हा प्रश्न सुटत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर करून पाहाव्यात: आधी एकच स्वर, मग लय, मग पेटीवर कॉर्ड, आणि शब्द शेवटी. मी आणि बुवा गेल्या कार्तिकी एकादशीला, भजन आटोपून मंडळी पांगल्यावर, देवळाच्या ओट्यावर तेच करत बसलो होतो. गाणे संपले तेव्हा त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, तो बंद केला नाही आणि पुन्हा सुरूही केला नाही. थोड्या वेळाने पेटीचे झाकण उघडून कोमल धैवत शोधू लागले.